आमच्या घरची मोटार

परवा लेक कॉलेजातून आली ती दारातूनच ओरडत, "आई, मला एखादा चांगलासा सामाजिक प्रश्न सांग ना! फोटोग्राफीचा प्रोजेक्ट आहे. दहा फोटो, विषय सामाजिक न्याय." भाजीवालीकडे एखादा चांगलासा कोबी मागावा, तसा सूर!

मी बचत गटांचं काम करते, वस्त्यांमध्ये माझं जाणं-येणं असतं. त्यामुळे आईकडे प्रश्नांचं पोतंच असणार, असं तिला वाटलं. आहेच म्हणा. पण हिच्या डोक्यात विषय आधीच ठरला होता. "कचरा वेचणाऱ्या बायका घेते. ढिगावर बाई उभी, मागे धूर, वर मावळता सूर्य... काय भारी फ्रेम येईल!"

त्या 'फ्रेम' शब्दाशी मी अडले. मैत्रिणींनो, वस्तीत कॅमेरे घेऊन येणारे मी पुष्कळ पाहिलेत. एकदा एक बाई मला म्हणाली होती, "ताई, मागच्या सालीबी असेच पोरं आले होते. फोटो काढून नेले, एक बी परत दाखवला न्हाई." तिची तक्रार फोटो काढल्याची नव्हती, न दाखवल्याची होती.

ही काही आपल्याकडचीच गोष्ट नाही. 1936 साली अमेरिकेत डोरोथिया लँग या फोटोग्राफर बाईंनी कॅलिफोर्नियात शेतमजुरांच्या तळावर एका आईचा फोटो काढला. वय 32, पदरात सात मुलं. तो फोटो जगभर गाजला, सरकारने त्या तळावर अन्नधान्यही पाठवलं, पण तोवर ती बाई तिथून निघून गेली होती. तिचं नाव जगाला कळलं थेट 1978 मध्ये. फोटोतून तिला एक पैसा मिळाला नव्हता. हा फोटो काढलाच नसता तर बरं, असंच तिला वाटत होतं. फोटोने भलं झालं नाही असं मी म्हणत नाही. पण ज्याचं दुःख, त्याला विचारलं का, हा प्रश्न उरतोच.

याउलट आपले सुधारक ओलवे. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांबरोबर त्यांनी वर्षानुवर्षं घालवली, गटारापासून त्यांच्या घरापर्यंत. त्यांना 2016 मध्ये पद्मश्री मिळाली. त्या फोटोंमधली माणसं बिचारी वाटत नाहीत, रागावलेली आणि थकलेली वाटतात. लेकीला म्हटलं, तुझ्याकडे वर्षं नाहीत, तीन आठवडे आहेत. मग तीन आठवड्यांत तुला जे खरंच कळेल, तेच घे.

तेवढ्यात आमच्या कामाच्या मावशी आल्या, दीड तास उशिरा. "आज पाणी होतं, वहिनी," एवढंच म्हणाल्या. मी लेकीकडे पाहिलं. "हा घे विषय."

"पाणी? त्यात कसला आलाय सामाजिक न्याय? पाणी तर आपल्या गावात कुणालाच येत नाही!"

ऐकायला खरं वाटतं. आमच्याकडे गेल्या उन्हाळ्यात आठव्या दिवशी नळ यायचे. मलिक अंबरने चारशे वर्षांपूर्वी या शहरात नहर आणली, नहरीच्या पाण्यावर चाललेली पाणचक्की आपण पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो. तिकडे पैठणला नाथसागर, जेमतेम पन्नास किलोमीटरवर. नवी पाणी योजना 2019 मध्ये 1,680 कोटींची म्हणून मंजूर झाली, पुढे तिचा आकडा 2,700 कोटींच्या वर गेला. आणि आपण अजून नळाच्या वारावर पाहुण्यांना बोलावतो! पण 'कुणालाच येत नाही' हे अर्धंच खरं. 2019 मध्येच मुकुंदवाडीची नऊ-दहा वर्षांची मुलं रोज रेल्वेत बसून स्टेशनवर पाणी भरायला जात होती, जाऊन-येऊन 14 किलोमीटर. परदेशी वृत्तसंस्थेने त्यांचे फोटो छापले तेव्हा आपल्याला कळलं. मुकुंदवाडी सिडकोला लागून आहे हो! आमच्या घरातलं कुठलं पोर कधी रेल्वेने पाणी आणायला गेलं नाही. 1927 मध्ये बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तेव्हाही पाणी तळ्यात भरपूर होतं. कुणाला घेता येतं, हाच प्रश्न होता.

लेक कुरकुरत तयार झाली. मावशींनी एकच अट घातली, "चेहरा नको बाई, जावयाच्या गावाला दिसंल." मग हातांचे फोटो निघाले. निळ्या ड्रमच्या कडेवरचे हात, पाइप धरलेले हात. एक फोटो मावशींच्या नातीच्या शाळेच्या दप्तराचा, नळाच्या दिवशी खुंटीवरच राहिलेल्या. टँकरवाल्याला दिलेल्या पैशांचा हिशेब मावशी कॅलेंडरवर लिहितात, त्याचाही एक. प्रत्येक फोटो काढला की लेक त्यांना दाखवायची. दोन त्यांनी काढून टाकायला लावले, एकात घर फार पसरलेलं दिसत होतं म्हणून. (मीही हेच केलं असतं.)

मावशींची गल्ली आमच्या कॉलनीच्या मागे, त्याच लाईनच्या टोकाला. पुढच्या नळाच्या दिवशी लेक पहाटे पाचलाच तिथे जाऊन उभी राहिली. लाईनमनने पाणी सोडलेलं होतं, पण नळाला करंगळीएवढी धार. शेजारची बाई सहज म्हणाली, "वरल्या बंगल्यायच्या मोटारी बंद झाल्या का मग येतंय जरा."

सव्वापाचला माझा फोन वाजला. "आई, आपली मोटार बंद कर."

आता कबूल करते. आमच्या नळाला थेट मोटार लावलेली आहे. हौद भरतो, मग गच्चीवरची टाकी, आणि टाकी वाहून जायला लागली की मला जाग येते. महापालिका अशा मोटारी जप्त करते, हेही मला माहीत आहे. बचत गटाच्या बैठकीत मी पाणी जपून वापरण्यावर बोलले आहे, तेव्हाही ही मोटार होतीच. मी उठून बटण बंद केलं. मावशींच्या नळाची धार तेवढीच राहिली. आमच्या एकट्याच्या मोटारीने काय होणार, गल्लीत अशा कितीतरी!

लेकीचा नववा फोटो त्या मोटारीचा आहे. खाली तिने लिहिलंय, 'आमच्या घरची मोटार'. आमचे हे म्हणाले, "निदान 'आमच्या घरची' हे तरी काढ." ती म्हणाली, "मावशींनी त्यांचा हिशेब दाखवू दिला, बाबा." यावर आम्ही दोघंही गप्प.

असे प्रोजेक्ट देणाऱ्या शिक्षकांनाही एक सांगावंसं वाटतं. मुलांना गरिबी शोधायला पाठवता, त्याबरोबर एवढं विचारा की या दहा फोटोंत तुझं घर कुठे आहे. कचऱ्याचा विषय घेतला, तर आपल्या डब्यात ओला-सुका एकत्र आहे का, तोही फोटो हवा. वीटभट्टीचा घेतला, तर आपल्या नव्या खोलीच्या विटा कुठून आल्या? नाहीतर मुलं फक्त दुसऱ्याच्या दुःखाला गुण मिळवून येतात. फोटो ज्यांचे, त्यांना प्रदर्शनाला बोलावलं का, यालाही काही गुण ठेवा. आमच्या मावशी येणार आहेत, सुट्टी मागून झालीय.

आणि मोटार? मी प्लंबरला फोन केला. तो हसला. म्हणाला, "मॅडम, सगळी गल्ली ठेवते, तुम्हीच का काढताय? मग तुमच्याकडं पाणी चढणार नाही." खरं आहे त्याचं. येतो म्हणालाय, अजून आलेला नाही. पुढचं पाणी मंगळवारी आहे.