विद्यार्थी व्हिसा, विवाह आणि ग्रीन कार्ड

- प्रतिनिधी

वधूवर सूचक मंडळांच्या नोंदवहीत शिक्षण, गोत्र आणि पत्रिका यांच्या जोडीला आणखी एक रकाना गेली अनेक वर्षे रूढ झाला आहे. तो म्हणजे परदेशातील वास्तव्याचा दर्जा. 'अमेरिकेत एमएस, एफ-१', 'एच-१बी, ग्रीन कार्ड प्रक्रियेत', 'अमेरिकन नागरिक' ही वर्णने वाचणाऱ्या पालकांना साधारण सारखीच वाटतात. मुलगा किंवा मुलगी 'तिकडे स्थायिक' आहे, एवढाच अर्थ त्यातून घेतला जातो. अमेरिकी कायद्याच्या लेखी मात्र या तीन वर्णनांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. विद्यार्थी व्हिसावर असलेल्या व्यक्तीने यांपैकी कोणाशी, कोठे आणि केव्हा विवाह केला, यावर तिचे पुढील आयुष्य अवलंबून राहते.

हा प्रश्न आता अधिक तीव्र होण्यास कारण आहे. 'ओपन डोअर्स' अहवालानुसार २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत ३ लाख ३१ हजार ६०२ भारतीय विद्यार्थी होते आणि २००९ नंतर प्रथमच भारताने याबाबतीत चीनला मागे टाकले. शिक्षणानंतर एक वर्ष आणि विज्ञान-तंत्रज्ञान शाखांसाठी आणखी दोन वर्षे नोकरीची मुभा मिळते. त्यापुढे एच-१बी व्हिसाची सोडत असते आणि तिच्यात वर्षाला जेमतेम ८५ हजार जागा असतात. सप्टेंबर २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी परदेशातून येणाऱ्यांसाठीच्या नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर केले. नोकरीची वाट अशी अरुंद होत असताना विवाहाच्या वाटेची चर्चा वाढणे स्वाभाविकच म्हणावे लागेल.

तात्पुरतेपणाची अट

अमेरिकेचा स्थलांतर कायदा विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदाराकडे मुळातच संशयाने पाहतो. अर्जदार कायमचा राहण्यासाठीच येत आहे असे गृहीत धरले जाते आणि ते खोटे ठरविण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकली जाते. एच-१बी धारकाला तात्पुरत्या व्हिसावर असतानाही स्थायी होण्याची इच्छा उघडपणे बाळगता येते. एफ-१ धारकाला ही सवलत नाही.

याचा अर्थ विद्यार्थ्याने तेथे विवाह करू नये असा मात्र नाही. माणसाचा हेतू कालांतराने बदलू शकतो, हे कायदाही मानतो. प्रश्न उपस्थित होतो तो व्हिसा घेताना किंवा विमानतळावर उतरताना हेतू लपविला होता काय, हा. अमेरिकी परराष्ट्र खात्याने २०१७ मध्ये आपल्या अधिकाऱ्यांसाठी ९० दिवसांचा दंडक घातला. प्रवेशानंतर ९० दिवसांच्या आत नागरिकाशी विवाह करून तेथेच संसार थाटल्यास दिशाभूल झाल्याचे अनुमान त्यामुळे काढता येते. स्थलांतर सेवा विभागावर हा दंडक बंधनकारक नाही. शिवाय नागरिकाच्या जोडीदाराबाबत अन्य कोणतीही प्रतिकूल बाब नसेल, तर केवळ आधीपासूनच्या हेतूवरून अर्ज फेटाळू नये, असे स्थलांतर अपील मंडळाने १९८० मध्येच 'कवाझोस' प्रकरणात म्हटले आहे. मात्र हेतू असणे आणि खोटे बोलणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसरीला क्षमा सहजासहजी मिळत नाही.

जोडीदार कोण, हाच कळीचा मुद्दा

अमेरिकन नागरिकाचा जोडीदार हा 'निकटचा नातलग' ठरतो. त्याच्यासाठी वार्षिक मर्यादा नाही, रांगही नाही. कायदेशीर तपासणी होऊन देशात प्रवेश केला असेल, तर मधल्या काळात विद्यार्थी दर्जा गमावला असला किंवा परवानगीविना काम केले असले, तरी देशातच राहून स्थायी वास्तव्यासाठी अर्ज करता येतो.

जोडीदार नागरिक नसून ग्रीन कार्डधारक असेल, तर ही उदारता संपते. तेथे वार्षिक मर्यादा लागू होते, आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते आणि तोवर विद्यार्थी दर्जा अखंड सांभाळावा लागतो.

मराठी कुटुंबांत अधिक आढळणारा प्रकार तिसरा आहे. विद्यार्थिनीचा विवाह एच-१बीवरील अभियंत्याशी होतो. ती एच-४ व्हिसावर जाऊ शकते आणि पतीच्या ग्रीन कार्ड प्रक्रियेत सहभागी होते. परंतु नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांची संख्या वर्षाला साधारण १ लाख ४० हजार असून एका देशाला त्यातील सर्वसाधारणपणे ७ टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाही. परिणामी भारतात जन्मलेल्यांची प्रतीक्षा दशकाहून अधिक लांबते. येथे दोन बारकावे महत्त्वाचे ठरतात. पहिला असा, की ही गणना नागरिकत्वावरून नव्हे तर जन्मस्थानावरून होते आणि पती-पत्नींपैकी एकाचे जन्मस्थान दुसऱ्यालाही उपयोगी पडते. मस्कत किंवा दुबईत जन्मलेल्या मराठी मुलीशी विवाह झाल्यास पुण्यात जन्मलेल्या पतीचीही भारतीय रांगेतून सुटका होऊ शकते. दुसरा बारकावा वेळेचा. पतीला ग्रीन कार्ड मिळण्यापूर्वी विवाह झाला असेल, तर पत्नी त्याच प्रक्रियेत सामावली जाते. ग्रीन कार्ड हाती आल्यानंतर विवाह केल्यास तिला नव्याने रांगेत उभे राहावे लागते. 'आधी ग्रीन कार्ड येऊ दे, मग बार उडवू' हा घरातील वडीलधाऱ्यांचा सल्ला म्हणूनच अंगलट येऊ शकतो.

लग्न इथे की तिथे?

मुलीचे वा मुलाचे लग्न आपल्या गावी, आप्तेष्टांच्या साक्षीने व्हावे, ही अपेक्षा रास्तच आहे. कायद्याची गती मात्र वेगळी आहे. देशात राहून स्थायी दर्जा मागण्याची सोय त्या देशात असणाऱ्यांसाठीच आहे. नागरिकाशी भारतात विवाह करून पुन्हा एफ-१ व्हिसावर परतणाऱ्या विद्यार्थ्याला विमानतळावर हेतूविषयी प्रश्न विचारला जाऊ शकतो आणि त्याचे खरे उत्तर अडचणीचे असते. वकिलातीतून स्थलांतरित व्हिसा घेणे हा सरळ मार्ग आहे, पण त्यात पती-पत्नींची ताटातूट होते. वकिलातीने नकार दिल्यास न्यायालयात दाद मागण्यासही फारसा वाव नाही. जोडीदाराला देशात आणण्याचा मूलभूत घटनादत्त हक्क नागरिकाला नाही, असा निर्वाळा अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये 'मुन्योझ' खटल्यात दिला.

यामुळे अनेक जोडपी तेथील स्थानिक कार्यालयात नोंदणी करून अर्ज दाखल करतात आणि धार्मिक विधी पुढे ढकलतात. अर्ज प्रलंबित असताना प्रवासाची पूर्वपरवानगी न घेता देश सोडल्यास अर्ज सोडून दिल्याचे मानले जाते. वडील अत्यवस्थ असल्याचा दूरध्वनी मध्यरात्री आला तरी ही अट शिथिल होत नाही. तातडीची परवानगी मागता येते, पण ती मिळेलच याची खात्री नसते. या मार्गाची खरी किंमत शुल्कापेक्षा येथेच मोजावी लागते. शुल्कही लहान नाही. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या दरांनुसार मुख्य अर्जालाच १ हजार ४४० डॉलर पडतात. जोडीदाराची याचिका, कामाचा आणि प्रवासाचा परवाना यांचे शुल्क वेगळे.

दोन वर्षांची टांगती तलवार

ग्रीन कार्ड मिळताना विवाहाला दोन वर्षे झाली नसतील, तर ते दोन वर्षांपुरते आणि सशर्त असते. मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत पती-पत्नींनी संयुक्त अर्ज करून अट काढून घ्यावयाची असते. ही तरतूद १९८६ च्या विवाह फसवणूकविरोधी कायद्याने आली. बनावट विवाह रोखणे हा तिचा हेतू होता, परंतु त्यातून एका जोडीदाराच्या हाती दुसऱ्याचे भवितव्य गेले. 'मी सही करणार नाही' हे वाक्य माहेरापासून हजारो मैल दूर असलेल्या तरुणीला मुकाट सोसण्यास भाग पाडू शकते.

वस्तुस्थिती अशी आहे, की कायद्याने यावर उतारा ठेवला आहे. विवाह प्रामाणिकपणे केला होता पण घटस्फोट झाला, छळ किंवा मारहाण झाली, अथवा परत पाठविल्यास अतोनात हाल होतील, अशा परिस्थितीत एकट्याने अर्ज करता येतो. जोडीदाराने प्रायोजक म्हणून दिलेली आर्थिक जबाबदारीची हमीही केवळ घटस्फोटाने संपत नाही. मुलीला सासरी पाठविताना दागिन्यांची यादी करणाऱ्या घरांत या तरतुदींची माहिती क्वचितच दिली जाते.

खरा विवाह म्हणजे काय?

केवळ कागदासाठी विवाह करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कारावास आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. त्याहून कठोर शिक्षा म्हणजे त्या व्यक्तीसाठीची पुढील कोणतीही याचिका, मग ती खऱ्या विवाहावर आधारलेली का असेना, मंजूर होत नाही. मात्र संसार मोडला म्हणून विवाह खोटा ठरत नाही. १९७५ च्या 'बार्क' खटल्यात नवव्या सर्किट न्यायालयाने, विवाहाच्या वेळी एकत्र आयुष्य उभारण्याचा हेतू होता काय, हीच कसोटी मानली. घराचा संयुक्त करार, बँक खाते, करविवरण यांची मागणी होते ती हा हेतू जोखण्यासाठी.

२०२५ मध्ये मात्र वारे पालटले. विवाहावर आधारित याचिका मंजूर झाली तरी वास्तव्याचा दर्जा मिळत नाही आणि व्यक्ती हद्दपारीस पात्र असल्यास तिच्यावर कारवाईची नोटीस बजावता येते, असे स्थलांतर सेवा विभागाने ऑगस्टमध्ये स्पष्ट केले. ही तरतूद कायद्यात पूर्वीही होती. तिचा वापर करण्याची तयारी नवी आहे. विद्यार्थी दर्जा गमावला तरी 'नागरिकाशी लग्न केले की सारे माफ' हा समज त्यामुळे धोक्याचा ठरला आहे. माफी मिळते ती अर्जाच्या निकालाच्या दिवशी, त्याआधीचा काळ असुरक्षितच असतो.

तात्पर्य, विवाहामुळे अर्जाची पात्रता मिळते, निकालाची हमी मिळत नाही. निकाल लागेपर्यंत विद्यार्थी दर्जा टिकविणे, प्रत्येक अर्जावर खरे तेच लिहिणे, प्रवासापूर्वी परवानगी घेणे आणि स्वतःची कागदपत्रे स्वतःच्या ताब्यात ठेवणे, एवढे विद्यार्थ्याच्या हाती असते. पालकांच्या हाती असलेली गोष्ट त्याहून सोपी आहे. स्थळ पाहताना वास्तव्याच्या दर्जाची चौकशी होणारच असेल, तर ती प्रतिष्ठेसाठी न होता, त्या दर्जामुळे आपल्या मुलाला किंवा मुलीला नेमके कोणते अधिकार मिळतील आणि कोणते मिळणार नाहीत, यासाठी व्हावी.