शेवटून दुसरा नंबर

परवा एका मुंजीच्या पंगतीत आमच्या नव्या विहीणबाईंनी विचारलं, "तुम्ही म्हणे समुद्रात पोहायच्या शर्यतीत गेला होतात? मग नंबर कितवा आला?" मी म्हटलं, "शेवटून दुसरा." सगळे हसले, मीही हसले, आणि मठ्ठा आला तसा विषय संपला. घरी आल्यावर मात्र वाटत राहिलं की उत्तर अर्धंच दिलं गेलं. उरलेलं इथे लिहिते.

शर्यत मालवणची. तिथे चिवला बीचवर सिंधुदुर्ग जिल्हा जलतरण संघटना डिसेंबरात समुद्रातल्या पोहण्याच्या स्पर्धा भरवते. शाळकरी मुलांपासून आजी-आजोबांपर्यंत सगळे उतरतात. मी २०१४ साली एक किलोमीटरला उतरले, तेव्हा वय होतं त्रेसष्ट. निवृत्तीनंतर गुडघ्यांसाठी म्हणून बायकांच्या वेळेला तलावावर जाऊ लागले होते, त्यातून हे खूळ डोक्यात शिरलं. ह्यांनी नाव नोंदवताना एकच विचारलं, "परत येशील ना?"

तलावात पोहणाऱ्याला उघडं पाणी किती वेगळं असतं ते सांगून कळत नाही. तलावात तळाशी काळी रेघ असते, ती धरून जायचं. पंचवीस मीटरवर भिंत असते, तिला हात लावला की जिवात जीव. इथे ना रेघ ना भिंत. दर आठ-दहा हातांनी मगरीसारखे डोळे पाण्याबाहेर काढून तरंगता फुगा कुठे आहे ते बघायचं, नाहीतर माणूस सरळ जातोय असं समजून भलतीकडेच निघतो. सुरुवातीला तर गर्दीत कुणाची लाथ, कुणाचं कोपर. माझा चष्मा सरकून त्यात पाणी गेलं आणि एकदम छातीत धडधड सुरू झाली. पाणी किती खोल आहे हा विचार नेमका तेव्हाच सुचला. मी सरळ उताणी झाले आणि आकाशाकडे बघत पडून राहिले. होडीतला मुलगा ओरडला, "आजी, बरं आहे ना?" मी हात हलवला. श्वास जागेवर आला, मग पुन्हा वळले. असं दोनदा झालं. म्हणून शेवटून दुसरा. शेवटच्या बाई माझ्याहून मोठ्या होत्या, आणि त्यांच्यासाठी किनाऱ्यावर माझ्यापेक्षा जास्त टाळ्या पडल्या हेही सांगून टाकते.

तर विहीणबाई, नंबराचं एवढंच. पण ते उताणं पडून राहणं मला तलावावर कुणी शिकवलं नव्हतं. ते वडिलांनी विहिरीत शिकवलं होतं.

आमची मळ्यातली विहीर मोटेची. पाठीला दोन वाळलेले भोपळे, कमरेला दोर, दोराचं टोक वडिलांच्या हातात. पहिले चार दिवस भोपळ्यांवर, मग एक भोपळा कमी, मग दुसरा. दोर मात्र सगळ्यात शेवटी सुटायचा. सूर मारणं, मुटका मारणं, बुडी मारून तळाचा खडा आणणं हे सगळं नंतरचं. वडिलांचा पहिला धडा एकच: दम लागला की हातपाय मारायचे नाहीत, पाठीवर पडायचं, पाणी तुला धरेल. बाराव्या वर्षी 'आता मोठी झाली' म्हणून माझी विहीर बंद झाली. भावांची चालू राहिली. मला पुन्हा पाण्यात उतरायला शेहेचाळीस वर्षं लागली.

आता एक गोष्ट लिहिते ती नात्यातल्या मंडळींनाही फारशी माहीत नाही.

मी श्रीरामपूर भागात कालव्याकाठच्या एका गावात मराठी शिकवत होते. भंडारदऱ्याचं आवर्तन सुटलं की कालवा भरून वाहायचा आणि दुपारच्या सुट्टीनंतर वर्गातली पाच-सात पोरं गायब. परत आली की केस कोरडे, चेहऱ्यावर साळसूदपणा. पण आम्हा शिक्षकांकडे युक्ती होती. मुलाच्या दंडावर नखाने रेघ ओढायची. पांढरी उमटली की समजायचं, पोहून आला. मग छडी. शाळेचा दंडक होता आणि पालकांचंही तेच म्हणणं होतं. मी स्वतः विहिरीत वाढलेली बाई, पण त्या दंडांवर किती रेघा ओढल्या याचा हिशेब नाही.

त्या वर्गात एक अतिशय ऐकणारा मुलगा होता. त्याच्या दंडावर कधी पांढरी रेघ उमटली नाही. मी इतरांना त्याचं उदाहरण द्यायचे. पुढे शिकून शेतीतच राहिला, घरच्यांनी शेततळं केलं. शेततळं ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते: चारी बाजूंनी उताराचा खड्डा आणि त्यावर जाड प्लास्टिकचा कागद. पाणी झिरपू नये म्हणून तो कागद, पण ओला झाला की त्यावर शेवाळ धरतं आणि पाय ठरत नाही. आत पडलेला माणूस काठापासून दोन हातांवर असतो आणि त्याला वर येता येत नाही. मोटारीच्या पाइपात अडकलेला कचरा काढायला तो वाकला होता म्हणतात. तेवीस वर्षांचा होता. दोर बांधलेला नव्हता आणि त्याला पोहता येत नव्हतं.

मी भेटायला गेले तेव्हा त्याची आई म्हणाली, "बाई, तुमचं फार ऐकायचा हो." ती चांगुलपणाने म्हणाली. मालवणला उताणी पडून आकाशाकडे बघत होते तेव्हा मला हे आठवलं, असं लिहिलं तर ते नाटकी वाटेल. तेव्हा काहीही आठवलं नाही, जीव वाचवायची घाई होती. आठवलं ते परतीच्या एस.टी.त.

तेव्हापासून माझं एक मत झालं आहे आणि ते इथे स्वच्छ मांडते. आपल्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जीभ वळायला वेळ लागतो) पाण्याची एवढी ठिकाणं आहेत: प्रवरेवर भंडारदरा, त्याच्याखाली निळवंडे, बारागाव नांदूरला मुळा धरण, आणि शेवगाव-नेवाशाकडे पसरलेलं जायकवाडीचं फुगवट्याचं पाणी. या पाण्यावरून आपण मोर्चे काढतो, कोर्टात जातो, मराठवाड्याशी भांडतो. त्याची टीएमसीतली आकडेवारी पारावरच्या म्हाताऱ्यालाही पाठ असते. पण त्या पाण्यात शिरायचं कसं आणि शिरल्यावर बाहेर यायचं कसं, हे आपण पोरांना शिकवत नाही. काठावर 'पोहण्यास सक्त मनाई' अशी पाटी लावतो आणि मोकळे होतो. पाटी म्हणजे माझ्या नखाची रेघच. तिने भिणारं पोर पोहायला शिकत नाही आणि न भिणारं पोर एकटं, चोरून, कुणी बघत नाही अशा जागी उतरतं.

म्हणून मला वाटतं, आपल्याकडे धरणाच्या पाण्यात वर्षातून एकदा पोहण्याची शर्यत व्हावी. हौशी लोकांची, रीतसर आणि राखणीतली. तुम्ही म्हणाल, शर्यतीने बुडणं कसं थांबेल? सरळ थांबणार नाही. पण शर्यत ठेवायची म्हटलं की पाण्याची माहिती काढावी लागते. कुठे झाडांची खोडं बुडालेली आहेत, कुठे गाळ आहे, दरवाज्यांपासून आणि विमोचकापासून किती लांब राहायचं, वारा दुपारी कुठून सुटतो. होड्या लागतात, दोर लागतात, बुडणाऱ्याला काढून श्वास देणारी माणसं तयार करावी लागतात. आणि उतरण्याआधी प्रत्येकाची परीक्षा घ्यावी लागते. हे सगळं एका दिवसासाठी केलं तरी गावात उरतं. शिवाय पोरांना वर्षभर सराव करायला एक उघड कारण मिळतं. मग चोरून जायची गरज नाही.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. पोहण्याच्या शर्यती मुळात उघड्या पाण्यातल्याच. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये पोहणारे समुद्रात पोहले, १९०० साली पॅरिसला सीन नदीत. तलावाच्या भिंती नंतर आल्या. २००८ पासून दहा किलोमीटरची शर्यत ऑलिंपिकमध्ये आहे आणि २०१२ साली ती लंडन शहराच्या मध्यावर हाईड पार्कमधल्या तळ्यात झाली. बंगालमध्ये भागीरथी नदीत ८१ किलोमीटरची शर्यत होते. त्याच बंगालच्या आरती साहांनी १९५९ मध्ये इंग्लिश खाडी पोहली. पुण्याच्या रोहन मोरेने २०१८ मध्ये जगातल्या सात अवघड खाड्या पुऱ्या केल्या. मुंबईत सन्क रॉक ते गेटवे ही शर्यत लोक ओळखतात. पण अशा मोठ्या नावांनी आपल्याकडे घोळ होतो. आपण त्यांचा सत्कार करतो, शाल देतो, आणि पोहणं हे असामान्य माणसांचं काम आहे असं ठरवून टाकतो. मला हवी आहे ती शेवटून दुसऱ्यांची शर्यत.

आता विरोधातलं बोलते, कारण ते खरं आहे.

मे २०२४ मध्ये अकोले तालुक्यात सुगावजवळ प्रवरेत तरुण बुडाले. त्यांना शोधायला आलेल्या राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट भोवऱ्यात उलटली आणि तीन जवान गेले. ते काय पोहता न येणारे होते? पाण्याचं प्रशिक्षण घेतलेली माणसं होती ती. ती बातमी वाचल्यावर मी आठ दिवस माझं हे मत कुणापुढे बोलले नाही. बंधाऱ्याखालचं पाणी गोल फिरून माणसाला परत आत ओढतं, तिथे पोहणं कामाला येत नाही. पण विचार करत गेले तसं वाटलं, हेसुद्धा शिकवायचंच आहे. पोहायला शिकणं म्हणजे हात मारणं एवढंच नव्हे. कुठल्या पाण्यात मुळीच उतरायचं नाही हे ओळखणं त्यातलं निम्मं आहे, आणि ते पाटीवर लिहून कळत नाही. माझ्या वडिलांना कळत होतं. आवर्तन सुटल्यावर ते आम्हाला कालव्याच्या फळीजवळ फिरकू देत नसत, आणि का ते पाण्यात काटकी टाकून दाखवत. काटकी एकाच जागी गरगरत राहायची. मी शिक्षिका असून पोरांना कधी काटकी दाखवली नाही, छडी दाखवली.

दुसरा आक्षेप पिण्याच्या पाण्याचा. मुळा धरणातून नगर शहराला पिण्याचं पाणी जातं, म्हणून तिथे नको म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही. (गावोगावचं सांडपाणी नदीत सोडताना ही आठवण कुणाला होत नाही, पण असो.) भंडारदऱ्याला तसंही नौकाविहार चालतो, काजवे बघायला गर्दी उसळते. १९२६ साली पुरं झालेलं धरण आहे, त्याला शंभर वर्षं झाली. पावसाळा संपून दिवाळी झाली की पाणी भरलेलं, निवळलेलं असतं आणि कडाक्याची थंडी अजून यायची असते. भिंतीपासून लांब, काठाला धरून पाचशे मीटरचा फेरा आखायचा. होड्यांवर तिथलेच मासेमारी करणारे लोक ठेवायचे, त्यांना मानधन द्यायचं. हे पाणी त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. एक सूचना पोहणाऱ्यांना: मालवणला खाऱ्या पाण्यात अंग आपोआप वर राहतं, गोड्या पाण्यात तेवढा आधार नाही. पहिल्या शंभर मीटरला पाय जड वाटतील, घाबरू नका.

परवानगी कोण देणार, जबाबदारी कोण घेणार, हे प्रश्न मला पाठ आहेत. दोन वर्षांपूर्वी एका कार्यालयात अर्ज घेऊन गेले होते. साहेबांनी चहा पाजला. म्हणाले, "बाई, काही झालं तर?" मी म्हटलं, "साहेब, काही होतच असतं की दर उन्हाळ्यात." त्यांना राग आला नाही. त्यांनी अर्ज ठेवून घेतला. अजून तिथेच असेल.

जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली. तिने सुचवलेल्या उपायांत शाळकरी मुलांना पोहायला आणि सुरक्षितपणे वाचवायला शिकवणं हा एक आहे. आमच्या वेळी शाळेत कवायत होती, लेझीम होतं, दोन मैलांवर कालवा होता. तास मात्र नव्हता.

गुडघ्यांनी आता मालवणचा प्रवास होत नाही. पण मेमध्ये नात येणार आहे, नऊ वर्षांची. पुण्याच्या तलावावर दोन महिने शिकली आहे आणि रेघेवरून सरळ जाते. भाच्याला फोन केला होता. मळ्यातल्या विहिरीत यंदा तीन परस पाणी आहे, कपारी साफ केल्या आहेत म्हणाला. वाळलेले भोपळे कुठे मिळेनात, तेव्हा पाच लिटरचे दोन रिकामे कॅन धुऊन ठेवायला सांगितले आहेत. सुनेचा होकार अजून यायचा आहे. दोर मी नवा घेतला, वीस हात.