रोल गेला, मालकी कुठे गेली?



‘रोल पुसला की त्याची टेबलेही जातात’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे विधान पटले नाही. स्नोफ्लेकमध्ये टेबले जागच्या जागी राहतात; मालकी मात्र ज्या रोलने ‘ड्रॉप रोल’ चालवले, त्याच्याकडे जाते. गोची इथेच आहे. घाईत कोणी अकाउंटॲडमिन होऊन हुकूम सोडला, तर सगळा पसारा त्याच्या गळ्यात! म्हणून आधी ‘ग्रँट ओनरशिप’ करावे. सोबत ‘कॉपी करंट ग्रँट्स’ जोडले की इतरांना दिलेले हक्कही टिकतात.

पोस्टग्रेसक्यूएल हट्टी आहे (मला हा हट्ट आवडतो). रोलच्या नावावर काही असेल तर तो पुसूच देत नाही. आधी ‘रीअसाइन ओन्ड’, मग ‘ड्रॉप ओन्ड’, तेही प्रत्येक डेटाबेसमध्ये वेगळे. हा क्रम उलटला, तर मात्र पत्रलेखकांची भीती खरी ठरेल.

– एक डेटाबेस प्रशासक, पुणे