लोकल आमची, निर्णय कोणाचा?

मुंबई रेल्वे विकास महामंडळ १९९९ साली स्थापन झाले. त्यात ५१ टक्के वाटा रेल्वे मंत्रालयाचा, ४९ टक्के राज्य सरकारचा. दारात लटकणाऱ्या प्रवाशाचा वाटा शून्य! २०२२ च्या ऑगस्टमध्ये साध्या लोकल काढून एसी लोकल लादल्या. त्यांचे तिकीट धुणीभांडी करणाऱ्या आमच्या आईला, सफाई कामगार भावाला परवडणार होते का? कळवा, बदलापूरचे प्रवासी आंदोलनात उतरले, तेव्हाच मध्य रेल्वेने दहा एसी फेऱ्या मागे घेतल्या. म्हणजे ऐकून घ्यायलाही आम्ही रुळांवरच यायचे? बाबासाहेबांनी १९१९ साली साउथबरो समितीपुढे प्रतिनिधित्व मागितले. आम्हीही तेच मागतो: सल्लागार समितीतली शोभेची खुर्ची नको, वेळापत्रक आणि भाडे ठरवताना कष्टकरी प्रवाशाला मत हवे. जय भीम!