लॉन नको, आधी लिंब लावा

बेंबळीसारख्या मोठ्या गावात शहराच्या धर्तीवर उद्यान, कारंजे आणि पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक हवा, असे सुचवणारे पत्र वाचले. हेतू चांगला आहे, उपाय पटला नाही. उन्हाळ्यात धाराशिव जिल्ह्यात पिण्याच्या पाण्याचीच ओढाताण असते. लॉन कशावर जगवणार? वृक्षारोपणाचे फोटो निघतात आणि वर्षभरात लोखंडी पिंजरा तेवढा उरतो, तोही शेळी बांधायला!

जागा राखली की हिरवळ आपोआप येते, असेही नाही. 1993 च्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवमध्ये 52 गावे नव्या जागी वसवली गेली. रस्ते रुंद झाले, सार्वजनिक जागा आखल्या गेल्या. जुन्या पाराची सावली काही नकाशातून मिळाली नाही. हिवरे बाजार या गावाने क्रम उलटा धरला. आधी चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, पाणलोटाची कामे. झाडे त्यामागून आली.

पैशाचेही पाहा. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-26 साठी ग्रामपंचायतींना दिलेल्या निधीतला 60 टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून ठेवला. उरलेल्यात कारंजे बसवायचे की वाचनालय आणि पोरांना मैदान?

झाडांसाठी गावाच्या गायरानाची मोजणी करून हद्द कायम करावी. तिथे लिंब, चिंच, करंज लावावेत आणि राखणीची मजुरी विकास आराखड्यातच धरावी. पत्रलेखकांनी 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हा विषय लेखी मांडावा आणि ठराव इतिवृत्तात नोंदवल्याशिवाय उठू नये.

— एक ग्रामस्थ, बेंबळी (जि. धाराशिव)