'हिचं गणित कच्चंच राहणार' हे कोण ठरवतं?

"हिचं गणित जरा कच्चंच राहणार, पण चित्रं काय सुंदर काढते हो!" माझ्या नातीची वही पुढं सरकवत बाई म्हणाल्या. नात तेव्हा दुसरीत होती, वय वर्षं सात. सून हसून म्हणाली, "माझ्यावर गेलीय. मलाही गणित कधी जमलं नाही." बाईसुद्धा हसल्या, "माझी तरी कुठं वेगळी गत होती!" मीही हसले, हे कबूल केलं पाहिजे. तीन शिकल्यासवरल्या बायका हसत होत्या आणि मधे ती पोर उभी राहून सगळं ऐकत होती.

आमच्या मागं शेजारचा मुलगा आणि त्याची आई होती. त्याच्या वहीत तीच चूक. पण त्याच्या आईला बाईंनी सांगितलं, "डोकं आहे, लक्ष देत नाही. जरा धाक ठेवा." घरी येताना हे मला टोचत राहिलं. चूक एकच, पण त्याला लक्ष नाही आणि हिला डोकं नाही?

ती चूक काय होती ते सांगते. बाईंनी त्रेसष्ट म्हटलं आणि दोघांनी 36 लिहिलं. मैत्रिणींनो, जरा कान देऊन 'त्रेसष्ट' ऐका. आधी तीन येतात, मग साठ. ऐकलं त्याच क्रमानं लिहिलं तर आधी तीनच लिहिले जाणार. म्हणजे मूल ऐकल्याबरहुकूम वागलं होतं. शिवाय आपल्याकडं एकोणपन्नास म्हणताना पन्नासचं नाव घ्यायचं आणि लिहायचे 49. एकोणतीसपासून एकोणनव्वदपर्यंत हा नियम कसाबसा पाठ होतो, तोवर 99 ला तोच नियम मोडून नव्व्याण्णव! कानडी-तेलुगू मुलांना हा त्रास नाही, त्यांच्या भाषेत दशक आधी येतं.

2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'साठ तीन' अशी वाचनाची रीत जुन्या नावांच्या जोडीला दिली, तेव्हा केवढा गदारोळ झाला! विधिमंडळापर्यंत थट्टा पोचली. गणित समितीच्या अध्यक्ष होत्या मंगला नारळीकर, स्वतः गणिताच्या अभ्यासक. जुनी नावं काढलेली नाहीत, मुलांना दशक-एकक कळावं म्हणून ही जोड आहे, हे त्या परोपरीनं सांगत होत्या. मराठी बुडाली म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी दुसरीतल्या मुलाला आकडे लिहायला शिकवलं असेल, असं मला तेव्हाही वाटलं होतं. नारळीकरबाई 2023 मध्ये गेल्या. मी मात्र परवा नातीला त्यांच्याच रीतीनं विचारलं. "साठ तीन लिही." तिनं न अडखळता 63 लिहिले. "याला त्रेसष्ट म्हणतात." "मग आधीच सांगायचं ना!" असं म्हणून ती खेळायला गेली.

आता त्या आमच्या हसण्याबद्दल. 2010 साली अमेरिकेत पहिली-दुसरीच्या वर्गांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सतरा शिक्षिका, सगळ्या बायका. वर्षाच्या सुरुवातीला शिक्षिकेला वाटणारी गणिताची भीती आणि मुलांचं गणित यांचा काही संबंध दिसला नाही. वर्ष संपता संपता मात्र दिसला, आणि तोही फक्त मुलींमध्ये. बाई जितक्या गणिताला घाबरणाऱ्या, तितक्या जास्त मुली 'गणित मुलांचं, वाचन मुलींचं' असं मानू लागल्या होत्या. आणि तसं मानणाऱ्या मुलींचं गणित मागं पडलं होतं. परदेशातला, लहानसा अभ्यास आहे, मान्य. पण तो वाचल्यावर पालकसभेतलं ते हसू मला पुन्हा ऐकू आलं.

बाईंना दोष देऊन मोकळं व्हावं असं मला वाटत नाही. वर्गात चाळीसावर मुलं, वर निवडणुकीची, जनगणनेची कामं. शिवाय त्याही आपल्यासारख्याच मुली होत्या. मी 1970 साली आठवीत गेले, तेव्हा आमच्या शाळेत मुलींना बीजगणित-भूमिती सोडून साधं अंकगणित घ्यायची सोय होती. वर्गातल्या जवळजवळ सगळ्या मुलींनी ती घेतली. मला कोणी विचारलंसुद्धा नाही, वडिलांनी फॉर्मवर सही केली. खरं तर मुलामुलींचा अभ्यासक्रम वेगळा नको, हे हंसा मेहता समितीनं 1964 मध्येच सांगितलं होतं, पाठोपाठ कोठारी आयोगानंही. आमच्या गावापर्यंत ते पोचायला वेळ लागला, तोवर माझी इंजिनिअरिंगची वाट बंद झाली होती. म्हणून 'चित्रं छान काढते' हे कौतुक मला गोड लागत नाही.

घरचा अभ्यास हा आणखी एक घोळ. 52 मधून 27 वजा करायचे. मी शिकले ती रीत अशी: बारातून सात गेले पाच, हातचा एक; दोन आणि एक तीन, पाचातून तीन गेले दोन. उत्तर 25. नातीच्या वर्गात हातचा खाली मिळवत नाहीत. बावन्नातला एक दशक सुटा करतात, म्हणजे चार दशक आणि बारा सुटे. दोन्ही रीती बरोबर आहेत. पण मी माझी लादली की ती रडकुंडीला येते, "आमच्या बाई असं नाही शिकवत!" तेव्हा आधी तिला विचारावं, "तुम्ही कसं करता, मला शिकव." गणिताला घाबरणारे आईबाप रोज अभ्यासाला बसवतात तेव्हा मुलं उलट कमी शिकतात, असंही 2015 च्या एका अभ्यासात दिसलं होतं. आमच्या घरी तेच चाललं होतं, शेवटी पाठीत धपाटा. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून करा आणि एक गठ्ठा सोडून दाखवा. 'उसना घेतला' म्हणजे काय ते डोळ्यांना दिसतं.

पाढे पाठ असावेतच. पण पाढा चुकला म्हणून तासभर उभं करणं, वर्गासमोर 'ढ' म्हणणं चालणार नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमानं मारही बंद आहे आणि मानसिक छळही.

याच कायद्यानं सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असायला हवी. तीन चतुर्थांश सभासद पालक, आणि एकूण सभासदांत निम्म्या बायका. आमच्या शाळेत त्या निम्म्या बायका रजिस्टरवर आहेत. रजिस्टर शिपाई घरी घेऊन येतो, सही करायची, चहा पाजून त्याला पाठवायचं. सूनही दोन वर्षं अशीच सभासद होती. सभेत काय बोलायचं असतं, तर म्हणे पाण्याची टाकी आणि गॅदरिंग.

गेल्या सभेला ती पहिल्यांदा गेली. तिनं दोन वह्या नेल्या, नातीची आणि शेजारच्या मुलाची, त्याच्या आईला विचारून. 36 वर बोट ठेवून म्हणाली, "ही चूक दोघांची आहे. दोघांना एकच शेरा द्या." मुख्याध्यापक गडबडले. बाई मात्र दोन्ही वह्या बराच वेळ चाळत राहिल्या आणि म्हणाल्या, "वर्गात निम्म्या मुलांचं असं होतंय. काड्यांचे गठ्ठे करायला दोन आया शनिवारी येतील का?"

तीन आया गेल्या. शेजारच्या मुलाचे वडीलही आले होते, रबरं घेऊन. तुमच्या शाळेच्या समितीत कोण आहे आणि सभा खरोखर भरते का, ते जरूर लिहून कळवा.