मुलांना चालेल का?

आमच्या सोसायटीच्या गणपतीत चौथ्या रात्री पडद्यावर सिनेमा दाखवायची पद्धत आहे. मी गिरगावात वाढलो, तेव्हा हाच सिनेमा गल्लीच्या मधोमध पांढरा पडदा ताणून दाखवीत. अर्धं पब्लिक पडद्याच्या पुढे बसे, अर्धं मागे. मागे बसणाऱ्यांना सगळे नायक डावखुरे दिसत. पवईत तशी सोय नाही. इथं रस्त्यात बसायचं म्हटलं तर आधी रस्त्यात जागा हवी. म्हणून आम्ही पोडियमवर बसतो. पोडियम म्हणजे काय, हे इथं मुलाकडे राहायला येईपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं. मोटारगाड्यांच्या डोक्यावर जे अंगण बांधतात, त्याला पोडियम म्हणतात.

गेल्या गणपतीत कॉलेजातल्या पोरांनी 'पीके' लावायची सूचना मांडली आणि कमिटीत फूट पडली. सेक्रेटरी म्हणाले, "मुलांना चालेल का, ते आधी पाहायला हवं." मग पाहणार कोण? सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. "काका, तुम्ही पाहून रिपोर्ट द्या. तुम्ही रिटायर्ड आहात, आणि तुमची नात आठ वर्षांची आहे." सेन्सॉर बोर्डावर याहून कमी पात्रतेवर माणसं गेली असतील, असं मनाशी म्हणून मी पद स्वीकारलं. कोपऱ्यावरच्या दुकानातून शंभर पानी वही आणली. त्यात दोन रकाने आखले. एक 'चालेल', दुसरा 'चालणार नाही'.

ज्यांनी तो सिनेमा पाहिला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. राजकुमार हिरानींचा हा सिनेमा २०१४ सालच्या १९ डिसेंबरला लागला. परग्रहावरून एक प्राणी राजस्थानात उतरतो. हा म्हणजे आमीर खान. परत जाण्यासाठी यान बोलावायचं जे लॉकेट, तेच कुणी तरी हिसकावून पळतं. तो ज्याला त्याला विचारतो, माझं लॉकेट कुठंय? जो तो सांगतो, देव जाणे! साधा माणूस 'देव जाणे' ऐकून घरी जातो. हा प्राणी देवाला शोधायला निघतो. देवळात जातो, चर्चमध्ये नारळ फोडतो, मशिदीकडे दारूच्या बाटल्या घेऊन जातो, पेटीत टाकलेले पैसे काम झालं नाही म्हणून परत मागतो, आणि शेवटी 'देव हरवला आहे' अशी पत्रकं वाटतो. कुणी थोबाडीत मारू नये म्हणून दोन्ही गालांवर देवांची चित्रं चिकटवतो. दोन तास तेहतीस मिनिटं हसता हसता माणूस एकदम गप्प होतो, असा सगळा प्रकार.

सेक्रेटरींनी मला आक्षेपार्ह स्थळांची यादी आधीच दिली होती. एक, हलणाऱ्या मोटारी, ज्यांतून हा प्राणी कपडे पळवतो. दोन, ज्या बाईचा हात सहा तास धरून तो भोजपुरी शिकतो, तिचा व्यवसाय. तीन, निरोधचं पाकीट. हे पाकीट सापडल्यावर तो ऑफिसभर ज्याला त्याला 'तुमचं का?' म्हणून विचारीत फिरतो, आणि जो तो 'माझं नाही' म्हणतो. यादी वाचून मला धाकट्या भावाची आठवण झाली. तो नुकता वाचायला शिकला, तेव्हा कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण मुंबईच्या भिंतीभिंतीवर होता. त्यानं ट्रामच्या जुन्या रस्त्यावर 'निरोध' असं खणखणीत आवाजात वाचलं. वडिलांनी शांतपणे सांगितलं, "छान. आता त्या दुकानाची पाटी वाच." भाऊ पुढे बँकेत लागला. बिघडल्याचं कुणाच्या कानावर नाही.

आता कायद्याचं. आपला सिनेमाचा कायदा १९५२ सालचा. पुष्कळ वर्षं त्यात दोनच मुख्य दर्जे होते, 'यू' म्हणजे सर्वांसाठी आणि 'ए' म्हणजे प्रौढांसाठी. १९८३ साली मधला 'यूए' आला. बारा वर्षांखालच्या मुलानं पाहायचा, पण आईबापांच्या मार्गदर्शनाखाली. 'पीके'ला हाच दर्जा मिळाला. २०२३ साली कायदा दुरुस्त होऊन 'यूए'चे तीन भाग झाले. सात वर्षांवर, तेरावर आणि सोळावर. म्हणजे मधली पायरी अधिक बारीक झाली, पण मर्म तेच राहिलं. सरकार म्हणतं, आम्ही अंदाज दिला, आता तुमच्या मुलाला तुम्ही ओळखता, तुम्ही ठरवा.

आणि नेमकं हेच आपल्याला नको असतं! मार्गदर्शन करायचं म्हणजे मुलाशेजारी बसायला हवं. सिनेमा बघताना मोबाइल खाली ठेवायला हवा. त्यापेक्षा 'चालणार नाही' म्हणणं स्वस्त.

मी बैठकीत सेक्रेटरींना म्हटलं, "मोटारी आणि पाकीट मिळून पाच-सात मिनिटं. तेवढ्यात मुलांना सरबत द्यायला खाली बोलावू. मग चालेल?" सेक्रेटरी थोडे चुळबुळले. म्हणाले, "ते झालं हो काका. पण गणपतीसमोर देव हरवला म्हणायचं, बरं दिसतं का?" म्हणजे आक्षेप मोटारींवर नव्हताच. मोटारी नुसत्या आड लावल्या होत्या. मग आठव्या मजल्यावरच्या एक ताई प्रामाणिकपणे बोलल्या. "खरं सांगू का काका? मुलं नंतर प्रश्न विचारतात. आपण काय सांगायचं?"

ताईंचे मी मनापासून आभार मानतो. 'मुलांना चालेल का' या वाक्याचा खरा अर्थ 'आम्हाला झेपेल का' असा आहे, हे कबूल करणारी व्यक्ती मला प्रथमच भेटली.

म्हणून इथं जरा आवाज चढवतो. देवाची थट्टा करून माणसाला शहाणं करायची गोष्ट काय आमीर खाननं परग्रहावरून आणली? नाथांची भारुडं मग काय आहेत? गावातली शेंबडी पोरं पहिल्या रांगेत बसून ती ऐकत आली. गाडगेबाबा कीर्तनात समोरच्या माणसांनाच प्रश्न विचारीत. नवसाचं काय, बोकडाचं काय, कर्ज काढून केलेल्या यात्रेचं काय? लोक हसत, आणि हसताना आपणच पकडले गेलो हे त्यांच्या ध्यानात येई. 'बारा वर्षांखालील मुलांनी कीर्तनास येऊ नये' असा बोर्ड कुणी लावला नाही. त्याच बाबांवर १९७७ साली राजदत्तांनी 'देवकीनंदन गोपाला' काढला, आणि बाबांचं काम कुणी केलं? देवाला आता रिटायर करा असं लिहिणाऱ्या डॉ. श्रीराम लागूंनी. आमच्या गल्लीतल्या आज्या त्यांना पाहून हात जोडत होत्या. दोन्ही गोष्टी एकाच महाराष्ट्राला पचल्या. आणि गणपती तर बुद्धीची देवता. तिच्यासमोर शंका काढायची नाही, तर कुणासमोर काढायची?

दुसरी बाजूही सांगतो, नाही तर तुम्ही म्हणाल काका एकांगी. मुलांना काहीही दाखवावं असं माझं म्हणणं नाही. काही गोष्टी कोवळ्या मनाला खरोखरच ओरखडतात. 'पीके'तही स्टेशनावर बॉम्ब फुटतो आणि एक जीवलग मित्र मरतो. सेक्रेटरींच्या यादीत मोटारी होत्या, हा बॉम्ब नव्हता. तीच तर माझी तक्रार आहे. आपण जपायचं ते जपत नाही आणि भलतंच झाकतो. २०२३ साली 'ओएमजी २' आला. शाळेत एका मुलाची फजिती होते, आणि मुलांना शरीराचं शिक्षण वेळेवर आणि नीट द्या म्हणून त्याचा बाप कोर्टात भांडतो. पंकज त्रिपाठी तो बाप. या सिनेमाला दर्जा मिळाला 'ए'. म्हणजे ज्या वयाच्या पोरासाठी बाप दोन तास भांडला, त्या वयाच्या पोराला थिएटरच्या दारात अडवलं. 'यूए'त बापाला मुलाचा हात धरून आत जाता येतं, 'ए'त बापाचाही इलाज चालत नाही.

आमच्या पवईच्या तळ्याचंच पाहा. १८९१ साली मुंबईला पाणी पाजायला बांधलेलं हे तळं. आता त्याचं पाणी कुणी पीत नाही. त्यात मगरी आहेत. थापा नव्हेत, खऱ्या. काठावर ऊन खात पडलेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत. पण म्हणून पवईकरांनी तळं बुजवलं नाही, की मुलांच्या डोळ्यांना पट्टी बांधून त्यांना काठावरून नेलं नाही. आपण हात धरतो आणि सांगतो, ती बघ मगर, पाण्याजवळ जायचं नाही. मूल मगर बघतं, हात घट्ट धरतं, आणि त्या दिवशी दहा प्रश्न विचारतं. 'यूए' म्हणजे एवढंच, हात धरून तळं दाखवणं.

आता माझ्या तपासणीचं सांगतो. एका रविवारी दुपारी सून आणि मुलगा बाहेर गेले असताना मी आणि नात टीव्हीसमोर बसलो. वही मांडीवर. हलणाऱ्या मोटारी आल्या. मी श्वास रोखला. नात म्हणाली, "आजोबा, या गाडीची स्प्रिंग गेलीय का?" मी म्हटलं, "हो." 'चालेल'मध्ये टिंब दिलं. पाकीट आलं. तिनं लक्षच दिलं नाही, ती गालावरच्या देवांची वाट बघत होती. ते आले तेव्हा ती सोफ्यावरून खाली पडेपर्यंत हसली. मग देव हरवल्याची पत्रकं आली. ती हसायची थांबली. थोड्या वेळानं म्हणाली,

"आजोबा, देव हरवला असेल, तर आजी कुणाकडे आहे?"

दोन वर्षांपूर्वी आमची ही गेली, तेव्हा मीच नातीला सांगितलं होतं की आजी देवाघरी गेली. सगळेच सांगतात. मी सिनेमा थांबवला. वहीत या प्रश्नासाठी रकाना नव्हता.

"मला नाही माहीत," मी म्हटलं.

"मग तेव्हा का सांगितलंस?"

"मला रडू येत होतं, म्हणून."

तिनं जरा विचार केला. "मलापण येत होतं. पण तू म्हणालास देवाघरी गेली, तर मला वाटलं, मग रडायचं नसतं."

त्यानंतर आम्ही दोघं थोडं रडलो. दोन वर्षं उशिरा. मग तिनं आजीच्या हातच्या शंकरपाळ्यांची आठवण काढली, मी आजीनं माझ्यावर धरलेल्या अबोल्यांची काढली, आणि तिनं डोळे पुसून सांगितलं, "हं, लाव आता पुढे." बॉम्बच्या वेळी तिनं माझा हात धरला. मग सिनेमा संपल्यावर सुनेनं आणलेले वडे खाल्ले.

मी दुसऱ्या दिवशी रिपोर्ट दिला. त्यात लिहिलं, 'सदर चित्रपट मुलांना योग्य आहे. मोठ्यांनी मात्र तो लहान मुलांच्या मार्गदर्शनाखालीच पाहावा.' सेक्रेटरींनी तो दोनदा वाचला, 'काका, तुमची विनोदबुद्धी शाबूत आहे' म्हणाले, आणि फाइलला लावला. कमिटीनं एकमतानं दुसरा सिनेमा निवडला. वादग्रस्त काही नसलेला, सहकुटुंब पाहण्यासारखा.

चौथ्या रात्री तो पोडियमवर झाला. नायकानं गुंडांना मारायला सुरुवात केली तेव्हा मी सवयीनं मोजायला लागलो. मध्यंतरापर्यंत सदतीस माणसं मेली. काही गोळ्यांनी, काही सुऱ्यांनी, दोन क्रेनवरून पडून. आईबाप भेळ खात होते. देवाचं नावही कुणी काढलं नाही, त्यामुळे कुणाच्या भावना दुखावल्या नाहीत. सेक्रेटरी मागे वळून मला म्हणाले, "बघा काका, मुलं कशी शांत बसलीयत! एकही प्रश्न नाही."

तेवढ्यात माझ्या मांडीवरून आवाज आला. "आजोबा, या सदतीस जणांच्या मुलांना घरी काय सांगतील रे?"

सेक्रेटरी पुन्हा पडद्याकडे वळले. मी वही आणली नव्हती.